ग्रस्त आणि दाते

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादकाचा शेवटचा पेच ठरलेला आहे: आभाराचं पान. लेखक, कवी, चित्रकार यांची जागा अनुक्रमणिकेत. जाहिरातदार आपली जागा पैसे मोजूनच घेतात. पण ज्यांनी मुद्रितं तपासली, कपाटातून जुने फोटो काढून दिले, दुकानोदुकानी फिरून जाहिराती आणल्या, त्यांना सगळ्यांना मिळून काय म्हणायचं?

एका तरुण सहकाऱ्याने ‘योगदानकर्ते’ असा मथळा टाकला. मी काढला. सत्कार आणि शोकसभा यांनी ‘योगदान’ इतकं वापरलंय की हिंडत्याफिरत्या माणसाला ते चिकटवायला जीव धजत नाही. शिवाय मराठीत देणारा नुसता देणारा नसतो, काय दिलं त्यावरून त्याचं नाव पडतं. गणपतीला पैसे देतो तो वर्गणीदार, देवळाला फरशी घालून देतो तो देणगीदार. थोडकं दिलं तरी तो खारीचा वाटा.

आपल्या पनवेलच्या वाट्याला मात्र एक विचित्र नाव आलं. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, आणि ज्याची गेली तो सरकारी कागदावर ‘प्रकल्पग्रस्त’ झाला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्तांच्या रांगेतला. जणू शहर ही एक आपत्ती होती आणि ती आभाळातून पडली. देवळाला पंखा दिला तर पात्यावर नाव राहतं. शहराखाली शेत गेलं तर सातबाऱ्यावरचंही पुसलं जातं.

मग त्याला दाता म्हणावं का? व्यासपीठावरून म्हणतातच, ‘भूमिपुत्रांचा त्याग’ वगैरे. मला ते ‘ग्रस्त’हूनही खोटं वाटतं. देणं राजीखुशीचं असतं. इथे नोटीस आली होती. राजीखुशी असती तर जानेवारी १९८४ मध्ये लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या हाकेला शेतकरी जासईच्या रस्त्यावर उतरले नसते, आणि त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी ५ जणांचे बळी गेले नसते. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्याच्या पोटी आली. पुढे विमानतळासाठी १० गावं उठली, तेव्हा टक्का साडेबावीसवर गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटनही झालं. टक्क्यांत मोजतात ती भरपाई. अशा जमिनीला देणगी म्हणणं म्हणजे घेणाऱ्याने स्वतःची सोय करून घेणं.

या अंकात विमानतळाच्या त्या गावांतून उठून वडघर-करंजाड्याकडे आलेल्या घरांवर एक लेख आहे. त्यात ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द फक्त सरकारी कागद उद्धृत करताना येतो. एरवी माणसाच्या नावाआधी त्याचं गाव आहे: कोल्हीचा, तरघरचा, वाघिवलीचा. गाव उठलं तरी लोक एकमेकांना तसंच ओळखतात, मग आम्ही वेगळं का लिहावं?

आभाराच्या पानाला अखेर मथळा दिलेला नाही. प्रत्येक नावापुढे काम लिहिलंय. ‘जाहिराती आणल्या’ यापुढे सर्वांत जास्त नावं आहेत, आणि कागदाचे भाव पाहता ते बरंच झालं.