कव्हरला शिकवणारा कोण?

सकाळी पेडगाव स्टेशनावर परभणीच्या गाडीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या पोरांत एक तरी असा असतोच. सॅकमध्ये वह्यांच्या खाली नी-कॅप आणि एक जुनी जर्सी. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी मैदान, मग परत गाव. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत तो कव्हरला खेळतो. शेवटच्या मिनिटाला समोरच्या चढाईपटूला अडवतो तो, आणि व्हॉट्सॲप स्टेटसला फोटो लागतो तो आपल्या चढाईपटूचा. त्याला याचं फार वाईटही वाटत नाही. सवय झालेली असते.

मित्रांनो, आजचा विषय तो फोटो नाही. त्याला कव्हर खेळायला शिकवलं कुणी, हा आहे. विचारून बघा. 'कुणी नाही, बघून बघून आलं' हेच उत्तर येईल. आपल्या बहुतेक कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचे एकच सर असतात. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. स्पर्धा आली की आठ-दहा दिवसांचा सराव, टी-शर्टांचं वाटप आणि गाडीभाडं. चढाईपटूला निदान टाळ्या तरी शिकवतात. कव्हर आणि कोपरारक्षकाला कुणीच शिकवत नाही.

आणि शिकवण्यासारखं तर तिथंच जास्त असतं. चढाई 30 सेकंदांची असते. तेवढ्या वेळात सात जणांनी एका दोरीत बांधल्यासारखं मागं-पुढं सरकायचं असतं. कोपऱ्यानं घोटा धरायला झेप घेतली, की कव्हरनं मध्यरेषेकडची वाट बंद करायची असते. ती अर्धा सेकंद उशिरा झाली, तर कोपराही बाद आणि कव्हरही बाद. घाईनं आधीच पुढं गेलं, तर गुण फुकट. पकड हातानं होते असं प्रेक्षकाला वाटतं. खरं तर ती पायांनी होते. पहिलं पाऊल कुठं पडलं, वजन कुठल्या पायावर होतं, शेजाऱ्याचा हात कधी सोडला, हे सांगायला बाहेर कुणीतरी उभं लागतं. स्वतःचे पाय स्वतःला दिसत नाहीत.

हेच काम पोटापाण्याचा पूर्ण धंदा म्हणून करणारी माणसं जगात आहेत. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, समोरच्यांनी पाडायचं. अकरांपैकी पाच जण सगळ्यात पुढं ओळीनं वाकून उभे राहतात. त्यांना म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या मागं असतो आणि त्याच्यावर चालून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, हे यांचं काम. हे पाच जण सहसा चेंडू घेऊन पळत नाहीत, गुण मिळवत नाहीत. चूक झाली तरच त्यांचं नाव ऐकू येतं. म्हणजे आपले कव्हरच म्हणा की!

फरक एवढाच, की तिथल्या मोठ्या विद्यापीठांत फक्त या पाच जणांसाठी वेगळा कोच नेमलेला असतो. त्याला लाखो डॉलर पगार मिळतो. त्या कोचांमध्ये जो मूर हे नाव आदरानं घेतलं जातं. आधी शाळेच्या संघाचे कोच, मग 1977 ते 1985 पिट्सबर्ग विद्यापीठ, त्यानंतर टेंपल, आणि 1988 ते 1996 नोटर डेम. विद्यापीठात ते मुख्य प्रशिक्षक नव्हते. ओळ घडवणं हेच त्यांचं काम. शाळेत क्वार्टरबॅक आणि बचावात खेळणारा रस ग्रिम पिट्सबर्गला त्यांच्या हाताखाली ओळीच्या मधोमध उभा राहायला शिकला, आणि 2010 साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. पोराला स्वतःबद्दल जे माहीत नसतं, ते कोचला दिसतं, ते असं.

पण हे सगळं गोडगोड नाही, हेही ऐका. 1996 मध्ये नोटर डेमनं मूर यांना काढलं. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. वयामुळे काढलं म्हणून ते कोर्टात गेले आणि 1998 मध्ये ज्यूरीनं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे तिथंही कोचची नोकरी मुख्य कोचच्या मर्जीवर आणि मागच्या हंगामाच्या निकालावर टांगलेली असते. दर चार-सहा वर्षांनी गाव बदलायची तयारी ठेवावी लागते. मूर 2003 मध्ये गेले. 2015 पासून त्यांच्या नावानं तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक पुरस्कार दिला जातो. तो कुणा एका खेळाडूला मिळत नाही. वर्षातल्या सगळ्यात चांगल्या ओळीला, सगळ्यांना मिळून मिळतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं सांगू नका, आपल्याकडं असं कुणी केलंय का? केलंय. नाशिकच्या शैलजा जैन यांनी वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. आपण ज्या वयात 'आता आराम करा' म्हणतो, त्या वयात त्यांनी इराणच्या महिला संघाची जबाबदारी घेतली. भाषा वेगळी, जेवण वेगळं. कामापुरती फारसी शिकल्या, सरावात योग आणि प्राणायाम आणला. आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या मुलींनी अंतिम सामन्यात 27-24 असं हरवलं कुणाला? भारताला. आधीच्या दोन्ही आशियाई स्पर्धांत महिला कबड्डीचं सुवर्ण आपलंच होतं. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कळलं, की महाराष्ट्रातल्या मैदानावरचं शिकवणं एवढं मोलाचं असतं. आपल्याला ते इराणकडून कळावं लागलं, हे मात्र टोचतं.

आता आपल्याकडं या. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चांगलंच आहे. पण त्यामुळं कित्येकांचा खेळ प्रमाणपत्रापाशी सुरू होतो आणि प्रमाणपत्रापाशीच संपतो. ते हातात पडलं की नी-कॅप माळ्यावर. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या मराठवाड्यातही गाजली, ती याच हावेतून. कागद सगळ्यांना हवा आहे, मैदानावर परत यायला कुणी तयार नाही. मग पुढच्या वर्षीचा कव्हर पुन्हा 'बघून बघून' शिकतो. तुम्ही चार वर्षांत धडपडून जे शिकलात, ते तुमच्याबरोबर गावी निघून जातं.

आमचं म्हणणं सरळ आहे. प्रशिक्षण हे हरलेल्याचं काम नाही. 'खेळात काही झालं नाही म्हणून कोच झाला' हे वाक्य आपण बोलणं बंद केलं पाहिजे. पण भावनेच्या भरात उडीही मारू नका. वाट नीट समजून घ्या. पटियालाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका देशभर मानली जाते. तिथं सहा आठवड्यांचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. प्रवेशाला पदवी आणि तुम्ही कुठल्या पातळीवर खेळलात, दोन्ही बघतात. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट. राज्याच्या क्रीडा विभागात क्रीडा मार्गदर्शक असतात. खेलो इंडियाच्या केंद्रांवर जुन्या खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून घेतात. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून पोरांना बचावाची किंमत कळायला लागलीय, अव्वल पकडीलाही आता टाळ्या पडतात.

आणि घरी सांगायची खरी गोष्ट अशी, की सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. कंत्राटी काम, तुटपुंजं मानधन, तेही कधी वेळेवर, कधी नाही. शेती किंवा दुसरी नोकरी सांभाळून मैदानावर येणारे पुष्कळ आहेत. हे माहीत असून ज्याचे पाय संध्याकाळी मैदानाकडं वळतात, त्यानंच या वाटेला जावं.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. स्पर्धेच्या तोंडावरचा आठ दिवसांचा सराव हे प्रशिक्षण नव्हे. पूर्णवेळ कोच परवडत नसेल, तर आपल्याच माजी खेळाडूला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलवा, आणि त्याचं मानधन टी-शर्टांच्या आधी काढून ठेवा. एकाला चढाईकडं द्या, एकाला बचावाकडं. खर्च फार नाही. फक्त कव्हरलाही शिकवावं लागतं, हे आधी पटायला पाहिजे.

राहता राहिले तुम्ही. शेवटच्या वर्षाला असाल तर यंदा एकच करा. पहिल्या वर्षाचा एखादा पोरगा किंवा पोरगी हेरा, जिच्याकडं कुणाचं लक्ष नाही. रोज अर्धा तास तिचं पहिलं पाऊल बघा आणि वहीत लिहून ठेवा, काय चुकलं, कशानं सुधारलं. दोन महिन्यांनी ती वही उघडा. पुढच्या पकडीत तिचं पाऊल बरोबर पडलं आणि तुम्हाला स्वतःच्या गुणापेक्षा जास्त आनंद झाला, तर पटियालाचा फॉर्म भरायला हरकत नाही.

नाही झाला, तरी काही बिघडलं नाही. पेडगावच्या गाडीनं येणाऱ्या एका पोराला निदान सांगता तरी येईल, की मला अमक्या दादानं शिकवलं.