नकाशा वाचता येणे हीही साक्षरताच

दौंड जंक्शनच्या फलाटाच्या टोकाशी जी पिवळी पाटी उभी आहे, तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक आकडा लिहिलेला असतो. समुद्रसपाटीपासून त्या स्थानकाची उंची तो सांगतो. ती पाचशे मीटरांहून थोडी अधिक आहे. पुण्याकडे रोज ये-जा करणारे शेकडो शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी त्या पाटीखाली गाडीची वाट पाहत उभे असतात. परंतु जो समुद्र येथून पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे, त्याच्या पाण्याची पातळी या काळ्या रानात कोणी आणि कशासाठी मोजून आणली, हा प्रश्न त्यांच्यापैकी क्वचितच कोणाला पडत असेल. हा दोष त्यांचा नाही. भूगोल हा पाठ करून विसरण्याचा विषय आहे, असे ज्या शिक्षणाने त्यांना शिकविले, त्या शिक्षणाचा तो आहे.

त्या एका आकड्यामागे मोठा इतिहास आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना 1767 साली झाली. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेले. नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन निरीक्षणांवरून सरासरी समुद्रपातळी ठरविण्यात आली आणि तिच्या आधारे 1909 साली देशातील उंचीची मोजणी एका सूत्रात बांधण्यात आली. दौंडच्या पाटीवरील आकडा या परंपरेचा वारस आहे.

मात्र ही परंपरा लोकांसाठी निर्माण झाली नव्हती, हेही विसरता येत नाही. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री तेथून निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाकाठी कोरेगावला पोहोचली आणि तेथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. नद्यांचे उतार कोठे, घाट कोठे, तोफा कोणत्या वाटेने जातील, हे ज्याला ठाऊक त्याचे राज्य, असा तो काळ होता. नकाशा हे राज्यकर्त्याचे साधन होते. त्याच्या कप्प्यात तो राहावा आणि प्रजेने फक्त सारा भरावा, ही त्या व्यवस्थेची धारणा होती.

खेदाची गोष्ट ही, की स्वातंत्र्यानंतरही ही धारणा लवकर सुटली नाही. सरहद्दीलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्यांतील तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधांखाली राहिले. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि नागरिकांसाठी एक अशा दोन नकाशामालिका वेगळ्या केल्या. 2017 मध्ये, विभागाच्या अडीचशेव्या वर्षी, नागरी मालिकेतील नकाशे संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्याची आणि वापरण्याची बरीच मोकळीक दिली. कुलूप निघाले, परंतु उघड्या दारातून आत जाणारे फार थोडे आहेत.

नकाशाचे मोल स्वतंत्र राष्ट्राला किती असते, हे शेजारच्या नेपाळकडे पाहिले म्हणजे कळते. चहूकडून भूमीने वेढलेला, स्वतःचा समुद्र नसलेला हा डोंगराळ देश. जगातील सर्वोच्च शिखर त्याच्या सीमेवर, परंतु एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षकांना नेपाळचे दार बंद असल्यामुळे त्या शिखराची उंची दूरच्या मैदानांतून निरीक्षणे घेऊन काढण्यात आली. राधानाथ सिकदार यांच्या गणिताने ते सर्वांत उंच ठरले आणि 1865 साली त्याला एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव मिळाले. जे शिखर नेपाळी माणसाला सगरमाथा म्हणून ठाऊक आहे, त्याची उंची नेपाळच्या स्वतःच्या सर्वेक्षकांनी मोजावयास 2019 साल उजाडावे लागले. डिसेंबर 2020 मध्ये नेपाळ आणि चीन यांनी ती 8848.86 मीटर असल्याचे संयुक्तपणे जाहीर केले. जुन्या आकड्यात पडलेला फरक मीटरभराचाही नव्हता. तरीही नेपाळने त्यासाठी माणसे शिखरावर धाडली, कारण आपल्या भूमीचे माप आपण घ्यावे, ही त्या देशाला स्वाभिमानाची गोष्ट वाटली. त्याच वर्षी कालापानी आणि लिपुलेखच्या प्रश्नावरून नेपाळने नवा राजकीय नकाशा प्रसिद्ध केला आणि भारताने तो अमान्य केला. 1816 च्या सुगौली तहात काली नदी ही सीमा ठरली. पण त्या नदीचा उगम कोणता मानावयाचा, हा वाद दोनशे वर्षांनंतरही शमलेला नाही.

शिरूर आणि दौंड येथे हिमालय नाही. पण नद्यांनी आखलेल्या सीमा येथेही आहेत. कुकडी आणि घोड या नद्या शिरूर तालुक्याला पारनेर आणि श्रीगोंद्यापासून वेगळे करतात. दक्षिणेला भीमा शिरूर आणि दौंड यांच्यामधून वाहते आणि रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेचे पाणी पोटात घेते. समुद्राच्या बाबतीत तर हे दोन तालुके जणू नेपाळचेच सोबती आहेत. अरबी समुद्र पश्चिमेला इतका जवळ असूनही येथे पडलेला पावसाचा थेंब त्याच्याकडे जात नाही. सह्याद्रीकडे पाठ करून तो भीमेतून कृष्णेला मिळतो आणि पुरे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. सह्याद्रीचा माथा हजारो मिलिमीटर पाऊस अडवून ठेवतो आणि पर्जन्यछायेतील या पट्ट्याच्या वाट्याला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येतो. येथील दुष्काळ, येथील स्थलांतर आणि येथील राजकारण यांचे मूळ या भूरचनेत आहे.

ही भूरचना कागदावर उतरलेली पाहावयाची असेल, तर सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा उघडावा. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार शिरूर गाव 47 जे/5 या तक्त्यात येते आणि दौंड 47 जे/11 मध्ये. प्रमाण 1:50,000, म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हा जमिनीवरील अर्धा किलोमीटर. एका तक्त्यात सुमारे सातशे चौरस किलोमीटर प्रदेश मावतो. पाणी निळ्या रंगात, शेती पिवळ्या, वस्त्या आणि रस्ते लाल आणि जमिनीचा चढउतार तपकिरी समोच्च रेषांत. रेषा दाट असतील तेथे चढ, विरळ असतील तेथे सपाटी. रेषा वरच्या अंगाला टोक काढून मुडपते तेथे ओढा. विहिरी, देवळे, तलाव, पायवाटा, सारे काही तेथे आहे. ज्याला हे वाचता येते, तो माणूस आपल्या गावच्या शिवारातून बसल्याजागी हिंडून येतो.

आणि या तपकिरी रेषांवर माणसांची नशिबे लिहिलेली असतात, ही अतिशयोक्ती नव्हे. खडकवासल्याचा उजवा कालवा हवेली आणि दौंड ओलांडून इंदापूरकडे जातो. चासकमानचा डावा कालवा शिरूरकडे येतो. कालवा मनास येईल तसा जात नाही. पाणी आपल्या भाराने वाहावे म्हणून त्याला समोच्च रेषेचा हात धरून, अगदी थोडा उतार राखीत, वळणे घेत जावे लागते. त्या रेषेच्या खालच्या अंगाला ऊस उभा राहतो, वरच्या अंगाला बाजरी पावसाची वाट पाहते. बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावांच्या जमिनींत एकाच्या दारी ट्रॅक्टर येतो आणि दुसऱ्याचा मुलगा कारखान्याच्या दाराशी उभा राहतो, याचे कारण पुष्कळदा कालव्याच्या त्या रेषेत सापडते. पाणी का येत नाही, असा प्रश्न पुढाऱ्याला विचारणाऱ्या शेतकऱ्याला ही रेषा वाचता आली, तर कोणते आश्वासन उपसा योजनेवाचून पुरे होणारे नाही, हे त्याला सभेतच कळेल.

शाळेत समोच्च रेषांचा धडा असतो, हे खरे. विद्यापीठात भूगोल घेणाऱ्याला स्थलनिर्देशक नकाशावर प्रात्यक्षिकही करावे लागते. पण बहुतेक ठिकाणी तो नकाशा कोठला तरी दूरचा असतो, प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तरे वहीतून वहीत उतरतात. ब्राझीलच्या नद्या सांगणाऱ्या दहावीच्या मुलाला आपल्या गावचा ओढा घोडला मिळतो की वेळ नदीला, हे सांगता येत नाही. जगाचा भूगोल शिकू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंगणापासून सुरू झालेला भूगोलच जगापर्यंत पोहोचतो.

आता हातातील फोनमध्ये सारे जग दिसत असताना या जुन्या कागदाचा अट्टाहास कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. उपग्रहाच्या चित्रात घराचे छप्परही दिसते. तथापि फोन वापरणाऱ्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडतो. मधल्या प्रदेशाविषयी विचार करण्याची गरज तो ठेवत नाही. नकाशा वाचणाऱ्याला प्रमाण, दिशा, उंची आणि अंतर यांचा मेळ स्वतःच्या डोक्यात घालावा लागतो. एकदा हा मेळ साधला, की कागद आणि फोन दोन्ही सारखेच उपयोगी पडतात.

या कौशल्याची निकड आता वाढली आहे. दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला. त्यानंतर एप्रिल 2020 मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली आणि गावोगावच्या घरांच्या मिळकत पत्रिका नकाशासह तयार होऊ लागल्या. 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने 2030 पर्यंत देशाचे अत्यंत सूक्ष्म सर्वेक्षण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. उद्या प्रत्येक घर, प्रत्येक बांध, प्रत्येक ओढा नकाशावर येईल. त्या नकाशातील चूक वेळेवर ओळखता आली नाही, तर तीच चूक पुढे दस्तऐवज होईल. ज्यांना नकाशा वाचता येत नाही, त्यांना पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल. निरक्षर कुळाचा अंगठा सावकाराने कसा वापरला, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही.

सरकारी नकाशे निर्दोष आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांवरील नावे बहुतांशी इंग्रजी लिपीत असतात आणि मराठी गावांची नावे तीत ओळखू येईनाशी होतात. दौंडचे 'धोंड' कित्येक वर्षे तसेच चालले. वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषांत घोडकाठच्या सपाट रानातील दोन-चार मीटरांचा उतार हरवून जातो आणि बंधाऱ्याच्या कामाला तोच तर हवा असतो. पुष्कळ तक्ते जुने असतात. पण जुना तक्ताही शिकवून जातो. 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्याचे पाणी दौंडच्या पूर्व सीमेपर्यंत येऊन भिडले. त्याआधीचा आणि नंतरचा असे दोन तक्ते शेजारी ठेवले, की विकासाची किंमत कोणत्या गावांनी चुकती केली, हे व्याख्यानावाचून समजते.

करावयाचे काम फार खर्चाचे नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या भिंतीवर तिच्याच परिसराचा स्थलनिर्देशक नकाशा, गावांची नावे मराठीत लिहून, लावलेला असावा. वर्षातून निदान दोनदा तो नकाशा घेऊन मुलांनी आपल्या ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जावे आणि कागदावर नसलेले शेततळे, नवी विहीर, बुजलेली पायवाट त्यावर नोंदवावी. ग्रामपंचायतीने पाणलोटाचा आराखडा ठरविताना तो नकाशा सभेपुढे मांडावा. अभ्यासक्रम पुरा करावयाचा की मुलांना रानात न्यावयाचे, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. परीक्षेत अशा कामाला गुण मिळाल्याखेरीज ती सुटणार नाही आणि तो निर्णय शिक्षण खात्यानेच घेतला पाहिजे. हातांनी काम करीत शिकण्याची कल्पना या भूमीला परकी नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम स्थापन करून ग्रामीण मुलांच्या बाबतीत ती प्रत्यक्षात आणून दाखविली. तेथे जे शक्य झाले, ते शेजारच्या शाळांत एका नकाशापुरते तरी अशक्य नसावे.

नेपाळला आपले शिखर स्वतः मोजावेसे वाटले. शिरूर-दौंडच्या मुलांना मोजावयास शिखर नाही. ओढे, टेकाडे, कालवे आणि कोरडी राने आहेत. त्यांच्या आयुष्याच्या दृष्टीने ती शिखराहून कमी महत्त्वाची नाहीत. दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने पिवळ्या पाटीवरील आकड्याकडे बोट दाखवून आपल्या शिक्षकांना त्याचा अर्थ विचारावा आणि शिक्षकांनी त्याला तो गाडी येईपर्यंत समजावून सांगावा, एवढ्यानेही या कामाचा प्रारंभ होऊ शकेल.