विश्लेषण : नोटेवरचे ‘₹’ विद्यार्थ्याच्या हातचे, मग लोगो स्पर्धांत विद्यार्थ्यांच्या पदरी काय पडते?

खिशातली ५०० रुपयांची नोट काढून बघा. पुढच्या बाजूला आकड्याआधी ₹ हे चिन्ह आहे. मागच्या बाजूला गांधीजींचा चष्मा आणि ‘स्वच्छ भारत’. या दोन्ही रचना खुल्या स्पर्धांतून आल्या आहेत. चष्मा कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांचा, २०१४चा. रुपयाचे चिन्ह डी. उदय कुमार यांचे. ते तेव्हा आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, म्हणजे ‘आयडीसी’त, पीएच.डी. करत होते.

नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात किंवा खासगी संस्थांत उपयोजित कला शिकणाऱ्या मुलांना ही उदाहरणे हमखास ऐकवली जातात. ‘तूही पाठव, तुझीही निवड होईल,’ असे सांगितले जाते. त्यात अर्धेच खरे आहे.

रुपयाचे चिन्ह सुचले कसे?

अर्थ मंत्रालयाने मार्च २००९ मध्ये स्पर्धा जाहीर केली. ३,३३१ प्रवेशिका आल्या, त्यातून पाच अंतिम फेरीत निवडल्या गेल्या. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांच्या रचनेला मंजुरी दिली. बक्षीस होते अडीच लाख रुपये.

चिन्ह बघून वाटते, यात काय एवढे? देवनागरी ‘र’ घेतला, रोमन लिपीतल्या ‘आर’ची उभी दांडी काढून टाकली, वर शिरोरेषा आणि तिच्याखाली आणखी एक रेघ दिली. पण यातली प्रत्येक रेघ कशासाठी आहे, हे सांगता येते. शिरोरेषा ही देवनागरीची ओळख. दोन आडव्या रेघा आणि मधली मोकळी जागा यांतून तिरंग्याचा भास होतो, शिवाय ‘बरोबर’चे चिन्हही दिसते. युरो आणि येन यांच्या चिन्हांतही दोन आडव्या रेघा आहेतच. त्यामुळे परदेशी माणसालाही हे चलनाचे चिन्ह आहे, हे चटकन कळते. ते आकड्याच्या शेजारी, आकड्याच्याच उंचीत बसते आणि औषधाच्या पाकिटावरच्या बारीक छपाईतही वाचता येते.

हे एका रात्रीत सुचलेले नाही. उदय कुमार आधी वास्तुकला शिकले, नंतर आयडीसीतून डिझाइनची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पीएच.डी.साठी तमिळ अक्षरांच्या घडणीचा अभ्यास केला. अक्षराचा कुठला भाग काढला तरी ते ओळखू येते, हा त्यांच्या रोजच्या अभ्यासाचा विषय होता. खासबारदारही नवखे नव्हते. कोल्हापुरात त्यांचा व्यवसायच हा. ‘एक भन्नाट कल्पना आणि नशीब’ ही स्पर्धांभोवतीची गोष्ट म्हणूनच फसवी आहे.

निवड झाल्यावर काम संपते का?

नाही. चिन्ह मंजूर झाले तेव्हा ते कुठल्याच कळफलकावर नव्हते. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली. २०११ मध्ये ते नाण्यांवर आले, २०१२ पासून नोटांवर. फॉण्ट अद्ययावत नसेल तर चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन दिसायचा, हे जुने मोबाइल वापरलेल्यांना आठवत असेल.

नागपूरच्या विद्यार्थ्याला यात वेगळे काय करता येईल?

बरेच. नागपूर मराठी आणि हिंदी दोन्ही बोलते, आणि दोन्हींची लिपी एकच. सीताबर्डीतल्या पाट्या वाचत गेले की घोळ लक्षात येतो. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीतला दांडीचा ‘ल’ वेगळे, ‘श’चेही तसेच. राज्य सरकारने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपे ठरवून दिली, तरी फ्लेक्सवर जो फॉण्ट हाताशी असेल तो लागतो. फॉण्टमध्ये दोन्ही रूपे ठेवून, मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी रूप आपोआप यावे, अशी सोय तंत्रात आहे. काही फॉण्टमध्ये ती असतेही. पण छपाईवाल्याच्या संगणकावर भाषा निवडतो कोण?

तोच प्रकार ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’चा. पहिल्या शब्दात रफार, दुसऱ्यात आडवा र. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फॉण्टला हा फरक दाखवता आला नाही, तर अर्थच बदलतो. जोडाक्षरांमुळे देवनागरीचा फॉण्ट नीट करायचा तर शेकडो आकार घडवावे लागतात. विंडोजमधला ‘मंगल’ घडवणारे र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ फॉण्ट आज फुकट मिळतो. ही परंपरा मुंबईत घडली, विदर्भात तिचे काम अजून बाकी आहे. दुकानाच्या पाट्यांची मोजदाद करून एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प केला, तर तो दहा काल्पनिक शीतपेयांच्या लोगोंपेक्षा मोलाचा ठरेल.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की काम देणाऱ्याला फक्त शेवटचे चित्र दिसते. गणेश मंडळाचा बॅनर, काकांच्या दुकानाची पाटी, मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्यावरचा फलक. सगळीकडे एकच वाक्य, ‘दोन मिन्टाचं काम आहे बे, करून दे’. दोन मिनिटांत होते ती फाइल सेव्ह. त्याआधीची वीस-तीस रेखाटने आणि बाद केलेले पर्याय यांचे पैसे कुणी देत नाही. लोगो स्पर्धा हीच सवय सरकारी शिक्क्यासह चालवतात. रुपयाच्या स्पर्धेत ३,३२६ प्रवेशिका अंतिम फेरीबाहेर राहिल्या. तितक्यांनी केलेले काम कुणाच्याच हिशेबात नाही.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शेवटचे चित्र क्षणात देतात. देवनागरी जोडाक्षरांत ती अनेकदा अडखळतात, पण हा दिलासा फार काळ टिकणारा नाही. चित्रच मोजायचे ठरले, तर विद्यार्थी हरणार.

स्पर्धा बंदच कराव्यात का?

तसे करणे चुकीचे ठरेल. मुंबईत ओळख नसलेल्या मुलाला नोटेपर्यंत पोहोचवणारा दुसरा मार्ग फारसा नाही. पण अटी बदलल्या पाहिजेत. रुपयाच्या चिन्हाची निवडप्रक्रिया सदोष असल्याची तक्रार दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. चिन्ह कायम राहिले, मात्र त्यानंतर २०१३ मध्ये अर्थ मंत्रालयाने अशा स्पर्धा कशा घ्याव्यात याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नागपुरातल्या संस्थांनी, विद्यापीठाने, महापालिकेने स्पर्धा घेताना आणखी पुढे जावे. प्रवेशिकेसोबत कच्ची रेखाटने मागवावीत आणि त्यांना गुण द्यावेत. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाला मानधन द्यावे. हक्क फक्त विजेत्या रचनेचे घ्यावेत. आलेल्या सर्वच प्रवेशिकांवर आयोजकांचा हक्क, अशी अट असलेल्या स्पर्धेकडे पाठ फिरवलेली बरी.

विद्यार्थ्यांनीही एक कायदा वाचून ठेवावा. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. तोंडी ‘देऊन टाकला लोगो’ म्हणण्याने हक्क जात नाहीत. हे मंडळाच्या अध्यक्षांना सांगणे अवघड आहे. पण पुढच्या पाटीचे पैसे मागताना उपयोगी पडेल.