पोटातल्या बाळाला मंत्र ऐकवण्याआधी दोघांचे रक्त तपासा

मागच्या हिवाळ्यात आम्ही पूर्व विदर्भातल्या एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी गेलो होतो. त्याची नऊ महिन्यांची नात आजीच्या मांडीवर किंचाळत होती. दोन्ही हातांची बोटे आणि पायांचे पंजे सुजून टम्म झालेले. घरच्यांना वाटले थंडी बाधली. शेजारणीने दृष्ट काढून झाली होती. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात नेल्यावर रिपोर्ट आला: सिकलसेल, एसएस.

या मुलीच्या आईबापाच्या मंगल परिणयाला आम्ही हजर होतो. दोघेही पदवीधर. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, पत्रिकेवर २२ प्रतिज्ञा छापलेल्या. बायोडेटात उंची, रंग, पगार, एवढेच नव्हे तर रक्तगटसुद्धा होता. पण दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत का, हे ना त्यांनी विचारले, ना मध्यस्थाने, ना आम्ही. गरोदरपणात चार सोनोग्राफी झाल्या, सिकलसेलची साधी तपासणी एकदाही झाली नाही. आणि ऐका, सुनेला गर्भसंस्काराच्या क्लासला मात्र न चुकता पाठवले होते. काही हजार रुपये फी भरून. पोटावर हेडफोन लावून ती सहा महिने मंत्र आणि वीणावादन ऐकत होती.

हा लेख त्या घराला दोष देण्यासाठी नाही. दोष द्यायचा तर आधी आम्हाला द्यावा लागेल. गावोगाव प्रबोधनाची भाषणे ठोकणाऱ्या आम्ही एकाही भाषणात आपल्या लोकांना ही तपासणी सांगितली नव्हती.

गर्भसंस्कार हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांत आता रुळला आहे. नोकरी लागली, फ्लॅट झाला, की शेजारच्या जोशीबाईंच्या सुनेने केले ते आपल्या सुनेनेही करावे असे वाटू लागते. कुणी म्हणेल, यात धर्म कुठला, ही तर आईच्या मनःशांतीची गोष्ट आहे. मग हा शब्द आला कुठून ते बघा. सोळा संस्कारांची सुरुवातच गर्भाधान, पुंसवन आणि सीमंतोन्नयन यांनी होते. त्यातला पुंसवन हा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास करायचा, मुलगाच व्हावा म्हणून. ज्या स्मृतींनी हे संस्कार द्विजांना मंत्रांसह दिले आणि शूद्रांना मंत्राचा अधिकार नाकारला, त्यातलीच मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. शंभर वर्षेही झाली नाहीत, आणि ज्यांच्या आजोबांनी त्या आगीत लाकूड टाकले त्यांच्या नातसुना पैसे भरून तोच माल घरी आणताहेत, फक्त वेष्टन बदललेले.

अभिमन्यूची गोष्ट प्रत्येक क्लासात सांगतात. पोटात असताना त्याने चक्रव्यूह ऐकला म्हणे. पण ऐकले अर्धेच, आणि त्या अर्ध्या ज्ञानानेच तो मेला, हे कुणी सांगत नाही. त्याच महाभारतात एकलव्य आहे. तो पोटात नाही, उघड्या डोळ्यांनी, रोज सराव करून शिकला. त्याचे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे.

आता तर ‘बौद्ध गर्भसंस्कार’ही निघाले आहेत. मंत्राच्या जागी पाली गाथा, बाकी सगळे तेच. क्लास घेणारी ताई आपलीच असते, म्हणून कुणी आक्षेप घेत नाही. आमचा आक्षेप गाथेला नाही. गरोदर बाईला गाथा म्हणून बरे वाटत असेल तर तिने जरूर म्हणावी. शेवटच्या महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतो, आईचा आवाज ते ओळखते, हेही खरे. त्यासाठी आईने आपल्या बोलीत बाळाशी बोलावे, नवऱ्याने बोलावे, त्याला फी लागत नाही. आक्षेप आहे तो यावर की गाथेने मूल हुशार, गोरे आणि निरोगी होते असे सांगून पैसे घेतले जातात. कालाम सुत्त मानणाऱ्यांनी हे मुकाट्याने ऐकून घ्यायचे?

आता मूळ मुद्दा. सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात तो आदिवासी समाजांत आहे तसाच आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांत हा जनुक टिकला, कारण वाहकाला तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणजे हा कुणाचा शाप नाही की मागच्या जन्मीचे पाप नाही.

हिशेब सरळ आहे. ज्याच्यात हा जनुक नाही तो एए. ज्याला एकाच पालकाकडून मिळाला तो एएस, म्हणजे वाहक. वाहक हा आजारी नसतो, तो धावतो, खेळतो, पोलीस भरतीत उतरतो. दोन्हीकडून मिळाला तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाचे लग्न एए व्यक्तीशी झाले तर एकही मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के अगदी एएची. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द नीट वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा गैरसमज आम्ही शिकलेल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे. निसर्ग उधारीची वही ठेवत नाही.

तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिली सोल्युबिलिटी टेस्ट, तिला थोडेसे रक्त पुरते. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक आहे की रुग्ण ते तिच्यावरून कळत नाही, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. अनेकजण पहिल्या टप्प्यावर थांबतात आणि घाबरून रिपोर्ट फाडून टाकतात. थांबू नका.

यावर आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: ‘असे तपासत बसलो तर मुलींची लग्ने मोडतील.’ प्रश्न खोटा नाही. मुलगी वाहक निघाली की तिला खोटी ठरवायची आणि मुलाचा रिपोर्टच मागायचा नाही, हे आम्ही पाहिले आहे. पण म्हणून तपासायचेच नाही? साखरपुड्यानंतर, वाङ्‌निश्चयाचे पेढे वाटून झाल्यावर तपासले तर मोडणारच. अकरावी-बारावीत, कॉलेजात, मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी झाली असेल तर वाहक असणे ही रक्तगटासारखी साधी माहिती होते. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर रक्तगटाचा रकाना आहेच, त्याच्याखाली हा एक रकाना वाढवायचा. आणि मुलाने आधी भरायचा.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त झोंबेल. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे लिहिले. आपण काय केले? धम्म घेतला आणि बायोडेटात पोटजातीचा रकाना तसाच ठेवला. ‘बावणे की सोमवंशी’ हे आजही हळूच विचारले जाते. ज्या लहान गटात वाहक जास्त, त्याच गटात पिढ्यानपिढ्या सोयरिकी होत राहिल्या तर दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे कळायला डॉक्टर लागत नाही. आंतरजातीय विवाह केला म्हणजे तपासणीची गरज संपली असे मात्र नाही. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही, तेली, कुणबी, आदिवासी घरांतही वाहक आहेत.

लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर मूल होऊ देऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. तो हक्क कुणाचा नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन प्रसूतिपूर्व निदानाबद्दल विचारा. गर्भलिंगनिदानावर १९९४च्या कायद्याने बंदी आहे, पण रक्ताच्या अशा आजारांचे निदान त्याच कायद्याने मान्य केलेले आहे. पुढचा निर्णय त्या बाईचा. सासूचा नाही, समाजाचा नाही, आमचाही नाही.

आणि मूल एसएस झालेच तर ते गमावलेले मूल नव्हे. पहिले काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळते, म्हणून लक्षणे सहसा सहा महिन्यांनंतर दिसतात, पुष्कळदा हातापायांच्या सुजेनेच. ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय, देवऋषी नाही. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन, न्यूमोकॉकलची लस, फॉलिक अ‍ॅसिड, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक. पोटाच्या डाव्या बाजूला प्लीहा वाढली का हे हाताने चाचपायला आईबापाने नर्सबाईंकडून शिकून घ्यावे. रक्त कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत, वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत आधीच लोह साठते. शाळेत शिक्षकांना लेखी कळवा की याला वर्गात पाणी पिऊ द्यावे, लघवीला अडवू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्र काढून घ्या. लाज कसली?

१ जुलै २०२३ रोजी शहडोलहून केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासी भागावर आहे आणि तो हवाच, त्यात वाटा मागून कुणाचा घास हिसकावायचा नाही. पण नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांत घरोघर तपासणी कधी होणार, हा प्रश्न आपल्या आमदारांना, नगरसेवकांना विचारलाय कुणी? स्मारकाच्या निधीसाठी निवेदने देणारे आपण, यासाठी एक तरी निवेदन दिले का?

बाबासाहेबांनी हे विषय बायकांचे म्हणून बाजूला ठेवले नव्हते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. संततिनियमनावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र १९३४ मध्ये त्यांनी घेतले. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आणला, तो फेटाळला गेला. आणि हा माणूस कोण? ज्याच्या आणि रमाईच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. कागदावरच्या आकड्यांवरून तो बोलत नव्हता.

बाकीचे थोडक्यात. मूल हवे असे ठरले की त्याआधीपासूनच बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत (बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने), तर पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची, ती स्वस्त आणि बिनत्रासाची आहे. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी पाच वर्षे उपास केले, दोष निघाला दादांत. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या १८० दिवस, हिमोग्लोबिन ११च्या खाली जाऊ देऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. प्रसूती रुग्णालयातच. पहिल्या तासात अंगावरचे दूध, तो पिवळा चीक फेकायचा नाही, सहा महिने वरचे पाणीसुद्धा नाही. लसींचे कार्ड सांभाळा. दोन मुलांत तीन वर्षे अंतर, आणि पुरे झाल्यावर नसबंदी नवऱ्याने करावी, ती सोपी आहे. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या किती भाऊंनी केली, हात वर करा.

वीणा ऐकण्याची चैन ज्यांना नाही त्यांचेही बघा. घरकाम करणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, ऊस तोडणाऱ्या आपल्या बायांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळत नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, विसरलो आपण. तिथे कुणी संस्कार सांगायला गेले नाही.

जयंतीची वर्गणी जानेवारीपासून सुरू होते. डीजेचा एक दिवसाचा खर्च तुमच्या मंडळाला पाठ आहे. त्यातले थोडे बाजूला काढा, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला फेब्रुवारीतच पत्र द्या, आणि १४ एप्रिलला विहाराच्या अंगणात १५ ते ३० वयाच्या सगळ्यांची सोल्युबिलिटी टेस्ट ठेवा. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, बंद पाकिटात, माइकवर नावे वाचायची नाहीत. पॉझिटिव्ह आलेल्यांना पुढच्या तपासणीसाठी मंडळाच्याच गाडीने न्या. आमच्या मंडळाने यंदा ठरवले आहे, पहिला नंबर अध्यक्ष आणि सचिव यांच्या मुलांचा. त्या कार्यकर्त्याची नात आता दीड वर्षाची आहे, औषध चालू आहे, चालायला लागली आहे. तिची मावशी या वर्षी लग्नाची आहे. तिने स्वतःहून विचारले, ‘काका, टेस्ट कुठे होते?’

जय भीम.