एकदाच वाचता येणारा किल्ला

गेल्या विकांताला आम्ही आठ-दहा जण एका किल्ल्यावर पाण्याचं टाकं साफ करायला गेलो होतो. घमेल्यांची साखळी केली, दुपारी दोनपर्यंत कमरेएवढा गाळ उपसून कड्यावरून खाली लोटला. गाळात खापरं बरीच होती. एका मित्राला काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला, तो त्याने आठवण म्हणून खिशात टाकला. फोटो काढले, पिठलं-भाकरी हाणली, घरी आलो. जाम खूश होतो. ही खुशी रविवारी दुपारपर्यंत टिकली, कारण रविवारी मी मेडन कॅसलबद्दल वाचत बसलो.

मेडन कॅसल म्हणजे इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातला डोंगरी किल्ला. दगडी तटबुरुज नाहीत, नुसते मातीचे प्रचंड बांध आणि खंदक, एकाबाहेर एक. आतली जागा ४७ एकर. बघणाऱ्याला वाटतं, एकच किल्ला आहे. पण खाली साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं नवाश्मयुगीन आवार, त्यावर अर्धा किलोमीटरहून लांब मातीचा उंचवटा, मग इ.स.पू. ६००च्या सुमाराचा लोहयुगातला छोटा किल्ला, पुढे तो वाढवून केलेला मोठा किल्ला, आणि सगळ्यात वर चौथ्या शतकातलं रोमन देऊळ. जुन्या कोडवर नवं कोड चढवत गेलेली सिस्टिम आठवली की नाही? :)

१९३४ ते १९३७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर आणि त्याची बायको टेसा यांनी इथे खोदकाम केलं (टेसा १९३६ मध्येच गेली). हाच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व रुजवणारे डॉ. ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना मेडन कॅसलच्याच खोदकामावर तयार झाले. म्हणजे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

व्हीलरची पद्धत अशी: जमीन चौकोनांत आखायची, चौकोनांच्या मध्ये न खोदलेल्या मातीच्या भिंती सोडायच्या, म्हणजे कापलेल्या केकसारखे थर उभे दिसतात. कुठली वस्तू कुठल्या थरातली ते लिहायचं, थरांची चित्रं काढायची.

पूर्वेच्या दरवाजाशी त्याला पन्नासेक माणसांचे सांगाडे मिळाले. काहींच्या कवट्यांवर घाव, एकाच्या मणक्यात रुतलेलं लोखंडी पातं. किल्ल्यात गोफणगुंड्यांचा २० हजारांहून मोठा साठा. राखेचा थर. व्हीलरने गोष्ट जुळवली: इ.स. ४३ मध्ये व्हेस्पेशियनच्या रोमन फौजेने हल्ला केला, कत्तल केली, घरं जाळली, आणि वाचलेल्यांनी रातोरात मुडदे पुरले. गोष्ट इतकी फक्कड की पिढ्यानपिढ्या लोकांनी तीच ऐकली.

ती चुकीची होती. १९८५-८६ मध्ये नायल शार्पल्सने तिथे पुन्हा खोदलं. राख लोहारकामाची निघाली. घाईघाईत पुरलेल्यांच्या शेजारी कुणी वाडगी आणि मांसाचे तुकडे ठेवतं का, हाही प्रश्न होताच. शेवटी २०२५ मध्ये बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या हाडांच्या नव्या कार्बन तारखा प्रसिद्ध केल्या. माणसं एका दिवशी मेलीच नव्हती. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ.स.च्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांच्या काळात, टप्प्याटप्प्याने मेली होती.

आता बघा, व्हीलर खोदत होता तेव्हा कार्बन डेटिंग नावाची गोष्टच जगात नव्हती, ती १९४०च्या दशकाच्या शेवटी आली. तरी त्याची चूक सापडली, कारण हाडं जपलेली होती, नोंदी १९४३च्या अहवालात छापलेल्या होत्या, आणि किल्ल्याचा बहुतेक भाग त्याने खोदलाच नव्हता. माझ्या मते व्हीलरचं मोठेपण त्याच्या गोष्टीत नाही, यात आहे. खोदलेला थर परत भरता येत नाही. वाचता वाचता पुसली जाणारी फाइल आहे ती, आणि बॅकअप म्हणजे फक्त वही.

आम्ही काय केलं? वही नाही, फोटो फक्त स्वतःचे.

तुम्ही म्हणाल, टाकं म्हणजे काही मेडन कॅसल नाही, गाळ तो गाळ. पण टाक्याच्या तळाशी कितीशे वर्षांपूर्वीचं काय बसलंय हे न बघता कसं ठरवलं? आपल्याला किल्ला दिसला की तो एकाच काळाचा वाटतो. शिवनेरीच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, शिवजन्माच्या कितीतरी शतकं आधीची. 'सरकार करत नाही म्हणून आम्ही करतो' हे मलाही पटतं, वाटेवरचं प्लास्टिक गोळा करण्यापुरतं. माती हलवायची तर आधी परवानगी आणि सोबत जाणकार माणूस हवा. तो मिळेपर्यंत टाकं गाळाने भरलेलं राहिलं तरी बिघडत नाही, गाळात वस्तू सुरक्षितच असतात. उत्साह आमच्या घमेल्यात होता, धोकाही तिथेच.

काल रात्री ग्रुपवर हे सगळं लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने 'जास्त विचार करतोस' म्हणून सुनावलं. बांगडीवाल्याने मात्र फोन करून विचारलं, तो तुकडा नेमका किती खोलीवर होता ते आठवतंय का? मला आठवत नव्हतं. त्यालाही नाही.