‘अस्पर्श’ म्हणजे कोणाचा स्पर्श नसलेला?

ऑस्ट्रेलियातल्या डोंगरदऱ्यांवरचा मराठीतला शेवटचा लेख कोणता वाचलात, ते आठवून पाहा. त्यात ‘अस्पर्श निसर्ग’ ही शब्दजोडी कुठेतरी असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. सोबतच्या छायाचित्रात धुकं असणार, धबधबा असणार आणि माणूस नसणार. असलाच तर एकच, पाठमोरा, लाल जाकीट घालून कड्याच्या टोकावर उभा. तो छायाचित्रकाराचा मित्र.

सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी माणसांचे असे लेख गेली काही वर्षं माझ्याकडे संपादनाला येतात, आणि त्याच विषयावरचा इंग्रजी मजकूर अनुवादाला. दोन्हींत हा शब्द भेटतो आणि दोन्हींतून मी तो काढते. लेखक रागावतात. एका संपादकांनी तर ‘वाचकांना तेवढंच काव्य मिळतं, ते कशाला हिरावता?’ असं विचारलं. म्हणून इथे जरा सविस्तर.

हा शब्द खोटा आहे आणि मराठीत तर तो लाजिरवाणाही आहे. ‘अस्पर्श’ आणि ‘अस्पृश्य’ एकाच धातूतून आले आहेत. कोणाचा स्पर्श मोजायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवण्यात या भाषेच्या समाजाने शतकं घालवली आहेत. जिथे निदान पन्नास हजार वर्षं माणसं राहत आली, शिकार करत, कंद खणत, गवत जाळत आणि गाणी म्हणत राहिली, त्या भूमीला आपण मराठीत ‘अस्पर्श’ म्हणतो तेव्हा एवढंच म्हणत असतो की त्यांचा स्पर्श हा स्पर्शच नव्हे.

आता चालणाऱ्यांकडे येऊ, कारण माझं भांडण चालण्याशी नाही. शनिवारी पहाटे स्टेशनाबाहेर जमायचं, चार-चार जण एकेका गाडीत बसायचं, जबाबदारी आपली आपल्यावर असा कागद सही करून द्यायचा, वाटेची श्रेणी तीन की चार ते विचारून घ्यायचं, पुढे म्होरक्या आणि सर्वांत मागे कोणी रेंगाळू नये म्हणून एक जण. पाणी पुरेसं घेतलंय ना, जळवांसाठी मीठ घेतलंय ना, याची चौकशी. आपल्याकडच्यांच्या डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. नव्या देशात ओळखी जुळवण्याचा याहून बरा मार्ग मला तरी माहीत नाही. शिवाय या छंदाला तिकडे मोठा आणि देखणा इतिहास आहे. बायका आणि पुरुष दोघांनाही बरोबरीने चालता यावं म्हणून १९२७ साली सिडनी बुश वॉकर्स हा क्लब निघाला. ब्लू माउंटन्समधल्या ग्रोज नदीकाठची ब्लू गमची झाडं तोडून तिथे अक्रोड लावायचा एका पट्टेदाराचा बेत होता. १९३१च्या ईस्टरला तिथे मुक्कामी गेलेल्या भटक्यांनी तो ऐकला, वर्गणी काढली आणि १३० पौंडांना त्याचा पट्टा सोडवून घेतला. मंदीचा काळ होता, ही रक्कम लहान नव्हती. ते जंगल आजही उभं आहे.

पण याच ब्लू माउंटन्समध्ये, कटूंबाला उतरून सगळे इको पॉइंटला ‘थ्री सिस्टर्स’चे फोटो काढायला पळतात, तिथून पायी जाता येईल अशा अंतरावर ‘द गली’ नावाची जागा आहे. गुंडुंगुरा आणि दारुग लोकांची तिथे वस्ती होती. काही कुटुंबं बुरागोरांग खोऱ्यातून आलेली. त्या खोऱ्यात पुढे वॉरगम्बा धरणाचं पाणी भरलं. १९५७ साली द गलीमधल्या लोकांना हाकललं गेलं. कशासाठी? मोटारींच्या शर्यतींचा रस्ता बांधायला. माझ्याकडे आलेल्या ब्लू माउंटन्सवरच्या एकाही लेखात या जागेचा उल्लेख नव्हता. तीन बहिणी मात्र प्रत्येकात होत्या, कधी पहाटेच्या उजेडात, कधी संध्याकाळच्या.

यावर नेहमीचा प्रतिवाद ठाऊक आहे, आणि तो हलका नाही: निर्मनुष्य छायाचित्रांनीच तर निसर्ग वाचवला. पीटर डोंब्रोव्स्किस यांचं १९७९चं छायाचित्र, टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीचं धुक्यातलं वळण, मार्च १९८३च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत पानभर रंगीत छापलं गेलं. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला मत देणार का, असा सवाल होता. सरकार बदललं, जुलैमध्ये उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी धरणाविरुद्ध निकाल दिला, नदी वाचली. एका छायाचित्राचं एवढं बळ क्वचितच दिसतं. मी त्याला नमस्कार करते.

पण त्याच नदीकाठी, धरण झालं असतं तर बुडाली असती अशी, कुटिकिना नावाची गुहा आहे. १९८१ साली पुरातत्त्वज्ञ तिथे पोहोचले तेव्हा दगडी हत्यारांचे आणि हाडांचे थर सापडले: हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, माणसं तिथे राहत होती. खटल्यात मूलनिवासींच्या या वारशाचाही प्रश्न होता. लोकांच्या डोळ्यांपुढे उरलं ते मात्र धुकं. (या गुहेला आधी त्या वेळच्या पंतप्रधानांचं, फ्रेझर यांचं नाव दिलं होतं. सरकारची मर्जी संपादण्याची युक्ती म्हणून ते समजू शकतं.) आणि टास्मानियाचं रान रिकामं दिसतं, त्यामागे १८३०च्या दशकात उरलेसुरले मूलनिवासी फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले गेले, हा हिशेब आहे. छायाचित्रकाराने कोणाला चौकटीबाहेर ढकललं नाही. तो पोहोचण्याच्या दीडशे वर्षं आधीच ते काम झालं होतं. म्हणून तर चित्राखालचे शब्द जपून वापरायला हवेत.

शब्दांचंच बोलायचं तर मराठीची इथे अडचण नाही, उलट श्रीमंती आहे. ‘बुश’ला आपण ‘जंगल’ म्हणतो आणि फसतो. आपल्याकडे ‘रान’ आहे. ‘बाबा रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत. ‘रानात वाघ आहे’ हेही त्याच शब्दात. राबलेली जमीन आणि न राबलेली जमीन यांच्यात हा शब्द कुंपण घालत नाही. बिल गॅमेज यांनी २०११च्या ‘द बिगेस्ट इस्टेट ऑन अर्थ’ या ग्रंथात हेच मांडलं आहे की गोऱ्या वसाहतकारांना जी कुरणं आणि विरळ वनं एखाद्या बागेसारखी वाटली, ती तशी होती कारण माणसं ठरवून, वेळ साधून, आग लावून ती तशी राखत होती. गॅमेज यांच्या मांडणीवर वाद झाले आहेत, पण आगीने रान राखण्याची रीत कोणी नाकारत नाही. आता तर वणवे आवरण्यासाठी तिचीच पुन्हा विचारणा होते. अशा भूमीला ‘रान’ हा चपखल शब्द आहे. तसंच तिकडचे मूलनिवासी ज्याला इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणतात, त्याला मी ‘देश’ किंवा ‘भूमी’ न म्हणता ‘मुलूख’ म्हणते. मुलूख कोणाचा तरी असतो. नुसता मुलूख मराठी कानाला अपुरा वाटतो, ‘कोणाचा?’ हा प्रश्न आपोआप येतो.

आणि हा प्रश्न न विचारल्याने काय बिघडतं? वागणं बिघडतं. ऑस्ट्रेलियात कित्येक वाटांच्या तोंडाशी बूट घासून, फवारा मारून पुढे जायची सोय असते, कारण फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग बुटाच्या मातीतून पसरतो. सगळे निमूट बूट घासतात. वॉलेमाय पाइन हे प्राचीन कुळातलं झाड १९९४ साली एका दरीत सापडलं. ती दरी नेमकी कुठे आहे हे आजही गुप्त ठेवलं जातं. २०१९-२०च्या वणव्यांत अग्निशामकांनी ती झाडं वाचवली तीही गुपचूप. ‘माझ्या कराच्या पैशाने राखलेलं झाड मला का दाखवत नाही?’ असं विचारत कोणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मात्र वॉलम्बिन बंद झाला तेव्हा हेच शब्द ऐकू आले. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यातला हा डोंगर. कुकने १७७०मध्ये त्याला माउंट वॉर्निंग म्हटलं. पहाटे माथ्यावर जाऊन सूर्योदय टिपणं हा तिथला ठरलेला कार्यक्रम होता. बुंजलुंग लोकांना तो पवित्र. कोव्हिडमध्ये, २०२० साली, वाट बंद झाली आणि मग बंदच राहिली. त्यावर केवढा संताप! सार्वजनिक जागा, समान हक्क, भावनांचे लाड. डोंगराबद्दल बोलायचा हक्क कोणाचा यावर मूलनिवासींमध्येही मतभेद आहेत, हे खरं. पण संतापणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या मतभेदांत रस होता. झाडासाठी गुप्तता चालते, बुरशीसारख्या जंतूसाठी शिस्त चालते, माणसांनी ‘इथे नको’ म्हटलं की ती मनमानी ठरते.

सह्याद्रीत वाढलेल्या मराठी ट्रेकरने तरी या कोरसमध्ये सामील होऊ नये. देवराईतून सुकलेली काटकी उचलायची नाही, हे त्याला कोणी कायदा दाखवून शिकवलेलं नसतं. गुराखी सांगतो, आणि तो ऐकतो. सिडनीला गेल्यावर तोच माणूस ‘पण लेखी नियम कुठे आहे?’ विचारतो, तेव्हा मला प्रवासातलं सामान हरवल्यासारखं वाटतं.

उलुरूचं उदाहरण तर अनुवादकांनी गिरवावं असं आहे. खडकाभोवती चालताना काही ठिकाणी फलक आहेत: इथे छायाचित्र घेऊ नका. अनांगू लोकांच्या दृष्टीने तिथले खडकावरचे आकार हे धर्मग्रंथासारखे आहेत. ते त्या जागी उभं राहूनच पाहायचे, दुसरीकडे नेऊन दाखवायचे नाहीत. म्हणजे हा असा मजकूर आहे ज्याची प्रत निघत नाही आणि भाषांतर होत नाही. सगळं सगळ्यांना वाचता आलं पाहिजे, या श्रद्धेवर माझा धंदा चालतो. तरी मला हा नकार समजतो. चढाई २६ ऑक्टोबर २०१९ला कायमची थांबली, उलुरू अनांगूंना परत मिळाल्याला बरोबर ३४ वर्षं झाली त्या दिवशी. आधीच्या दिवसांत शेवटची संधी म्हणून चढणाऱ्यांची लांब रांग लागली होती. त्या रांगेचे फोटो जगभर छापले गेले. माणसांनी गजबजलेली ती चौकट मला कुठल्याही सूर्योदयापेक्षा खरी वाटते.

तर लेखकांना आणि संपादकांना माझं मागणं एवढंच. ‘अस्पर्श’ काढा. ‘आदिम’ही काढा, तो त्याचाच भाऊ आहे. छायाचित्राखाली मुलूख कोणाचा ते लिहा: गुंडुंगुरा, दारुग, बुंजलुंग, अनांगू. मराठीत ही नावं अवघड जात नाहीत. छायाचित्रकाराचं नाव, कॅमेरा, लेन्स, शटरचा वेग हे सगळं एका ओळीत बसवायची सवय तुम्हाला आहेच. जागा कमी पडली तर शटरचा वेग गाळा.