शिधा घ्यावा कीं वाढलेलें ताट?

अलीकडे घरोघरीं मुंजीचीं, लग्नाचीं आणि वडील मंडळींच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं चलचित्रें सांठत चाललीं आहेत. चित्र घेणें आतां मुलांसही साधतें; परंतु त्यांतील नको तो भाग गाळून, उरलेला क्रमानें जुळवून, तें चार पाहुण्यांस दाखविण्याजोगें करणें हें काम निराळें. त्यास संकलन म्हणतात. त्यासाठीं विकत मिळणाऱ्या कांहीं आज्ञावल्यांचें भाडें महिन्याच्या महिन्यास भरावें लागतें. आणि भाडें थांबलें कीं आपलेंच अर्धवट काम आपणांस पुढें चालवितां येत नाहीं. ज्या चित्रांत आजोबांचा आवाज आहे तीं अशा परक्या कुलपांत ठेवावीं काय, हें प्रत्येक कुटुंबानें स्वतःस विचारावें.

या अडचणीवर मुक्तस्रोत आज्ञावली हा एक चांगला उपाय आहे. येथें 'मुक्त' याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. ज्या मूळ संहितेवरून आज्ञावली सिद्ध होते ती कोणासही वाचतां, सुधारतां व इतरांस देतां येते, हा त्याचा खरा अर्थ. संकलनाच्या कामीं 'केडेनलाइव्ह' ही अशी एक उत्तम आज्ञावली आहे. २००२ सालीं जेसन वुड यांनीं तिचा आरंभ केला; आज केडीई या संघाच्या छत्राखालीं ती वाढत आहे. लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींवर ती चालते. लिनक्स वापरणाऱ्यांपुढें मात्र एक प्रश्न उभा राहतो: ती तयार पॅकेजांतून घ्यावी, कीं मूळ संहितेवरून घरींच बांधून घ्यावी?

मूळ संहिता म्हणजे शिधा आणि पॅकेज म्हणजे वाढलेलें ताट, असें समजण्यास हरकत नाहीं. शिधा हातीं आला म्हणून जेवण झालें नाहीं. चूल, भांडीं आणि रांधणारा, सर्वच लागतात. केडेनलाइव्ह तर एकटी चालतच नाहीं. दृश्यांची जुळणी करणारें एमएलटी, नाना प्रकारच्या फिती उलगडणारें एफएफएमपेग, पडद्यावरील खिडक्या व कळा रेखाटणारें क्यूट, अशीं साहाय्यक अंगें तिला हवींत. आणि तींही परस्परांस जुळणाऱ्या आवृत्तींचीं हवींत. यांतील एक चुकलें कीं बांधणी अडते.

ही सारी जुळणी डेबियनसारख्या वितरणांचे लोक आपल्यासाठीं आधींच करून ठेवतात. डेबियनचा प्रारंभ १९९३ सालीं इयान मर्डॉक यांनीं केला. त्याच्या भांडारांतून ही आज्ञावली घेण्यास टर्मिनलवर 'सुडो अॅप्ट इन्स्टॉल केडेनलाइव्ह' एवढी एक ओळ पुरते. साहाय्यक अंगें आपोआप येतात, आणि काढून टाकावयाची झाल्यास तींही 'ऑटोरिमूव्ह' या आज्ञेनें निमूटपणें जातात. उणीव एकच. डेबियनची स्थिर आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते व मधल्या काळांत तींतील आज्ञावल्या बहुधा तशाच राहतात. केडेनलाइव्हची नवी आवृत्ति मात्र वर्षांतून तीनदां येते.

ज्यांस नवी आवृत्तिच हवी त्यांस दोन मधले मार्ग आहेत. फ्लॅटहब या भांडारांतील फ्लॅटपॅक हा पहिला. दुसरा अॅपइमेज, यांत साहाय्यक अंगांसह सर्व कांहीं एकाच फाइलींत बांधलेलें असतें. ती केडेनलाइव्हच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, तिला चालविण्याची परवानगी द्यावी व उघडावी. संगणकाच्या इतर व्यवस्थेस तिचा उपद्रव होत नाहीं.

मग शिधा कोणीं घ्यावा? ज्यास आज्ञावलींतील दोष स्वतः दुरुस्त करावयाचा आहे, किंवा ही विद्या शिकावयाची आहे, त्यानें अवश्य घ्यावा. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलास यापरता चांगला अभ्यास नाहीं. त्यास एकच सूचना: गिटनें संहिता आणून सीमेकनें बांधतांना ती स्थापण्याची जागा आपल्याच गृह-फोल्डरांत नेमून द्यावी. सर्वांच्या सामाईक जागीं ती मिसळली, तर पॅकेज-व्यवस्थेस तिची दादच नसते. मग जुनें कोणतें आणि नवें कोणतें याचा उलगडा होईनासा होतो.

एकत्र कुटुंबास याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवृत्तींचें ऐक्य. थोरल्यानें पुण्यास आरंभिलेलें संकलन धाकट्यानें परदेशीं पुरें करावयाचें, तर दोघांची आवृत्ति एकच असावी. दशांश-चिन्ह कोठें टिंब तर कोठें स्वल्पविराम, या देशोदेशींच्या भेदामुळें केडेनलाइव्हच्या प्रकल्प-फाइलींत पूर्वीं घोटाळे होत. २०२० सालच्या २०.०८ या आवृत्तींत ते निस्तरले. परंतु तेव्हांपासून नव्या आवृत्तींतील काम जुनींत धड उघडेनासें झालें. एका स्वल्पविरामाची सत्ता किती, हें व्याकरण शिकलेल्यांस निराळें सांगणें नलगे!

आणखी एक. प्रकल्प-फाइलींत मूळ चित्रें नसतात. तीं कोठें आहेत याची केवळ नोंद असते. चित्रांचा फोल्डर हलविला कीं पडदा रिता. यास्तव काम संपतांच 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' ही सोय वापरून चित्रें व प्रकल्प एकत्र करावीं, त्यांशेजारीं ज्या अॅपइमेजनें काम केलें तीही ठेवावी, आणि या संचाच्या दोन प्रती दोन घरीं जपाव्या.

सारांश, नित्याच्या कामास ताटच बरें. तें वाढून देणाऱ्यांचे श्रम घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र शिधा सर्वांस खुला आहे म्हणूनच त्या ताटाचा भरंवसा आहे. उद्यां वाढणारे उठून गेले, तरी चूल पेटविणारा कोणीतरी निघूं शकतो. आणि आपल्या घरांतील त्या मुलानें आज शिकलेली विद्या त्या दिवशीं उपयोगीं पडते.